गाणं कापसाच्या भावात मोजायचं असेल तर

२०२५ च्या जानेवारीत माझा भाचा नवजीवन एक्स्प्रेसने जळगावहून अहमदाबादला गेला, कोल्डप्ले हा ब्रिटिश बँड ऐकायला. बरोबर तिघे मित्र, एक भुसावळचा, दोघे चोपड्याचे. २५ तारखेला तिथल्या स्टेडियमवर लाखाहून जास्त माणसं होती, त्यातली ही चार. पोरं परत आली आणि आमच्या नात्यागोत्यात, लग्नांच्या पंगतीत, सकाळी मेहरूण तलावावर फिरणाऱ्या मंडळींत एकच वाद रंगला. कापसाला भाव नाही, केळीवाल्याचं गणित जुळत नाही आणि आमची पोरं न समजणाऱ्या इंग्रजी गाण्यांवर पैसे उधळतात, असं एका बाजूचं म्हणणं. आमचे पैसे, आमची मर्जी, हे त्यावरचं उत्तर. दोनतीन दिवसांनी पंतप्रधानांनी भुवनेश्वरच्या भाषणात याच कार्यक्रमांचा दाखला देऊन ‘कॉन्सर्ट इकॉनॉमी’चा उल्लेख केला, तेव्हा तरुणांच्या बाजूला नवा मुद्दा सापडला: हॉटेलं भरली, रेल्वेने जादा गाड्या सोडल्या, म्हणजे देशाचं भलंच झालं. नवा बँड येणार असं कळलं की हाच वाद पुन्हा पेटतो. आणि इतक्या दिवसांत एकानेही भाच्याला विचारलं नाही की, बाबा रे, तू ऐकलंस काय?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आवडत्या बँडला समोर उभं राहून ऐकण्यासाठी चारपाचशे किलोमीटर जाणारा खान्देशी पोरगा उधळ्याही नाही आणि मुळं तुटलेलाही नाही. त्याच्या आज्या-पणज्याने नाटक कंपनीसाठी आणि तमाशाच्या फडासाठी जे केलं तेच तो करतोय. लाज वाटायचीच असेल तर त्याच्या जाण्याची वाटू नये. त्याला एवढ्या लांब जावं लागतं, याची वाटावी.

पैशांचा मुद्दा हलका नाही, तो मी हलका करणार नाही. कोल्डप्लेच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांचं सर्वांत महाग तिकीट ३५,००० रुपयांचं होतं. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये. म्हणजे एका संध्याकाळसाठी साडेचार क्विंटलांहून जास्त कापूस, आणि तोही हमीभाव हातात पडला तर. कोरडवाहू शेतात एका एकरात एवढं पीक आलं तरी शेतकरी समाधान मानतो. हे गणित ज्याच्या डोळ्यांसमोर आहे, त्याला राग आला तर त्याला मागासलेला म्हणणं हा उद्धटपणा आहे. पण गणित मांडायचंच तर पुरतं मांडा. भाच्याचं तिकीट सर्वांत स्वस्त होतं, २,५०० रुपयांचं. म्हणजे तेहतीस किलो कापूस, एक बाई दिवसभर वाकून वेचते साधारण तेवढा. आणि हा हिशेब फक्त त्याच्याच दारात का? ज्या लग्नात बसून आम्ही त्याला धारेवर धरलं, त्या लग्नातल्या बेंजो पार्टीची सुपारी किती होती? मांडवाचा खर्च किती? त्यातला प्रत्येक रुपया शेतातूनच आलेला होता. तिथे मात्र कुणी कापसाच्या गाठी मोजत बसलं नाही, आणि बरंच झालं. वर्षभर राबणाऱ्या माणसाने एका रात्री वाद्यांसमोर घाम गाळून नाचावं, त्याला उधळपट्टी म्हणणारा मला तरी अजून आमच्या गावात भेटलेला नाही.

शंभर वर्षं मागे जाऊ. ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालीवाला थिएटरात संयुक्त मानापमान झालं. बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकाच रंगमंचावर, टिळक स्वराज्य फंडासाठी. सर्वांत वरचं तिकीट शंभर रुपयांचं होतं. त्या काळातले शंभर रुपये म्हणजे अनेक घरांची महिनोन्महिन्यांची मिळकत. आज त्या रात्रीबद्दल आपण किती अभिमानाने बोलतो! तिथे जे हजर होते त्यांची मुलंनातवंडं अजून सांगतात, आमचे आजोबा होते त्या प्रयोगाला. आमचे आजोबा दिवाळखोर होते, असं त्यातला एकही म्हणत नाही. त्या रसिकाला रसिक म्हणायचं आणि आजच्याला बिघडलेला, असा भेद करायचा तर त्याला काही कारण पाहिजे. दर, गर्दी, प्रवास, वेड यांत फरक नाही. मग उरतं एकच कारण, ते गाणं आपलं होतं आणि हे परकं आहे.

तर परक्याबद्दल बोलू. नवापूर, साक्री, नंदुरबारकडच्या लग्नात पिकअपवर स्पीकरची भिंत उभी करून जो बेंजो वाजतो, त्याच्या सुरावर सगळं गाव पहाटेपर्यंत नाचतं. तो बेंजो आला कुठून? जपानच्या नागोया शहरात १९१२ च्या सुमारास ताइशोगोतो नावाचं वाद्य तयार झालं. तारांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळा. ते आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झालं. मग कुणीतरी त्याला तारांचा सूर विजेवर उचलणारं यंत्र बसवून अ‍ॅम्प्लिफायरला जोडलं आणि ते आदिवासी पट्ट्यातल्या लग्नांचं काळीज बनलं. भजनी मंडळातली पेटी पॅरिसची. तिला तर परकी म्हणून १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर बंदी होती. एकतीस वर्षं बंदी टिकली, पण खान्देशातल्या एकाही सप्ताहाने पेटी खाली ठेवली नाही. लोकांनी ठरवलं होतं की ही आमची आहे, आणि ती त्यांची झाली. वाद्याची जात त्याच्या जन्मगावावरून ठरवायची की त्याच्यासमोर कोण रडलं, कोण नाचलं यावरून? विजेवरच्या गिटारलाच तेवढं आपण कायमचं पाहुणं का ठेवतो?

“पण शब्द तरी समजतात का पोरांना?” हा प्रश्न मला वडीलधाऱ्यांनी इतक्यांदा विचारलाय की त्याचं उत्तर माझ्या स्वतःच्या अनुभवातून देतो. १ फेब्रुवारी २००८, शुक्रवार. वांद्रे-कुर्ला संकुलाचं मैदान. आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या त्या वर्षीच्या जगदौऱ्याचा हा पहिलाच कार्यक्रम, आणि तो मुंबईत. मी तेव्हा जळगावात शिकत होतो, नववीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन तिकिटाचे पैसे जमवले होते. रात्रीच्या गाडीने निघून सकाळी दादरला उतरलो. मैदानाच्या दारावर खिशातलं पेनसुद्धा काढून घेतलं. आत धूळ, काळ्या टी-शर्टांचा समुद्र आणि तासन्‌तास उभं राहणं. माझ्या शेजारी शिलाँगची पोरं होती, तीन दिवस प्रवास करून आलेली. त्यांचं इंग्रजी मला पुरतं कळेना, माझं हिंदी त्यांना. एका वडापावाचे चार तुकडे करायला भाषा लागली नाही.

तोवर मी हा बँड ऐकला होता तो हॉस्टेलवर एकाचं दुसऱ्याने उतरवून घेतलेल्या सीडीवर, एक कान बंद पडलेल्या इअरफोनमधून. त्या बँडमध्ये तीन गिटारवाले आहेत हे वाचून माहीत होतं, पण माझ्या कानाला ती एकच गिटार होती. मैदानात पहिल्यांदा कळलं की डावीकडून एक जण सूर धरतो, उजवीकडून दुसरा त्याच्यावर तिसऱ्या-पाचव्या स्वराने चढतो आणि तिसरा मधली पोकळी भरतो. त्यांचा स्टीव्ह हॅरिस बास गिटार बोटांनी वाजवतो, तार छेडायच्या पट्टीने नाही, आणि त्याची ती प्रसिद्ध लय घोड्याच्या दौडीसारखी आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत ज्याने नदीकाठी घोडा पळताना पायाखालच्या जमिनीतून ऐकलाय, त्याला हे सांगायला लागत नाही. ती लय कानात शिरत नव्हती, छातीच्या पिंजऱ्यात वाजत होती. आणि मग ते घडलं ज्यासाठी हा सगळा प्रपंच लिहितोय: हजारो माणसं गाण्याचे शब्द सोडून गिटारचा सूर गाऊ लागली. शब्द नाहीतच. नुसता ओकार. वाद्याने वाजवायची ओळ गर्दीने गळ्यात घेतली. मला वाटत होतं, त्या हॉस्टेलच्या खोलीत हा सूर मीच एकटा गुणगुणतो. इथे तो हजारो अनोळखी गळ्यांत आधीपासूनच होता.

शब्द समजतात का, असं विचारणाऱ्यांना मी विचारतो, जळगावच्या बालगंधर्व संगीत महोत्सवात ख्याल ऐकताना ब्रज भाषेतल्या बंदिशीचे शब्द आपल्यापैकी कितींना लागतात? आपण समेवर मान हलवतो, शब्दकोश उघडत नाही. आणि अहिराणी बोलणाऱ्या पोरांना ‘शुद्ध बोला’ म्हणून शाळेपासून टोचलं जातं, त्या आपल्या मुलखाने तरी भाषा हा रसिकतेचा दाखला मानू नये.

दुसरा एक आक्षेप असतो की हे श्रीमंतांच्या पोरांचं, महानगरांचं संगीत आहे. त्याचा इतिहास नेमका उलट आहे. ज्याला आज हेवी मेटल म्हणतात त्याचा आवाज बर्मिंगहॅमच्या कामगार वस्तीत घडला. ब्लॅक सबॅथ या बँडचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तो सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने बोटांना प्लास्टिक वितळवून टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैल करून खालच्या पट्टीत लावल्या. त्या सैल, जड तारांतून तो काळाकभिन्न आवाज आला. आमच्या जळगाव एमआयडीसीत, चटईच्या आणि पाइपच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांमध्ये प्रेसखाली बोट गेलेला माणूस प्रत्येकाच्या ओळखीचा असतो. हा आवाज लंडनच्या दिवाणखान्यापेक्षा आमच्या दुसऱ्या पाळीच्या भोंग्याला जास्त जवळचा आहे, असं मी म्हटलं तर ते ओढूनताणून आहे का? आणि भारतात रॉकचं सर्वांत नावाजलेलं मासिक, रॉक स्ट्रीट जर्नल, १९९३ मध्ये निघालं ते मुंबई-दिल्लीहून नव्हे, अलाहाबादहून.

आता गर्दीची भीती. ती खरी आहे आणि आई-बापांनी ती बाळगावीच. ३ डिसेंबर १९७९ ला अमेरिकेत सिनसिनाटी शहरात द हू या बँडच्या कार्यक्रमाआधी दारात चेंगरून अकरा जण मेले. आसनक्रमांक नव्हते, बाहेर प्रचंड गर्दी आणि उघडी दारं मोजकी. पण गर्दी मारते ती गाण्यामुळे नाही, दारामुळे. २००३ च्या नाशिक कुंभात ३९ माणसं गेली, २००५ मध्ये मांढरदेवीला जवळजवळ तीनशे. आपण यात्रा बंद केल्या नाहीत, करूही नयेत. वाटा रुंद करा, दारं मोजा, पाणी ठेवा, एवढीच मागणी केली. तीच मागणी इथे करू. दारू आणि अमली पदार्थांचंही तसंच. तमाशाच्या कनातीबाहेर दारू विकली जायची म्हणून तमाशाच वाईट ठरवणारे होतेच की. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना तमाशावर बंदीही आली होती. ती कला आपल्याला परत मिळवावी लागली.

एक आक्षेप मात्र मला मनापासून पटतो: पोरं ऐकत नाहीत, फोन वर धरून चित्रण करतात. भाच्याच्या फोनमध्ये चाळीस तुकडे आहेत आणि एकाही तुकड्यात त्याने ऐकलेलं गाणं नाही, सगळीकडे त्याच्याच ओरडण्याचा आवाज. कोल्डप्लेवालेसुद्धा एका गाण्यापुरते फोन खिशात ठेवा असं प्रेक्षकांना सांगतात. त्याने तेवढं गाणं फोन ठेवून ऐकलं, आणि त्याला आज सर्वांत नीट आठवतं ते तेच.

आणि ‘आमचे पैसे, आमची मर्जी’ म्हणणाऱ्या तरुणांनो, तुमचंही चुकतंय. कोल्डप्लेच्या दीड लाखाच्या आसपास तिकिटांसाठी सव्वा कोटीहून अधिक माणसं रांगेत लागली आणि तिकिटं काही मिनिटांत लाखांच्या भावाने फिरू लागली, तेव्हा मर्जी कुणाची चालली? काळ्या बाजाराविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका गेली, न्यायालयाने हा धोरणाचा विषय आहे म्हणून ती फेटाळली. म्हणजे चेंडू विधिमंडळाकडे आहे. तिथे तो कुणी ढकलायचा, तुम्हीच ना? १ नोव्हेंबर १९९६ ला मायकल जॅक्सनचा मुंबईत कार्यक्रम झाला तेव्हाही राज्यभर संस्कृती बुडाली की तरली यावरच घसा कोरडा केला गेला. खरा प्रश्न करमणूक करमाफीचा होता, लोकांच्या पैशाचा होता, आणि तो मुंबई ग्राहक पंचायतीने न्यायालयात नेला. संस्कृतीवर भांडणाऱ्या हजारोंपेक्षा तेवढ्या मूठभरांनी नेमकी जागा धरली. हॉटेलं किती भरली हा युक्तिवादही तसाच पोकळ. उद्या हॉटेलं रिकामी राहिली तर गाणं वाईट ठरेल का?

नेमकी जागा आमच्यापुरती कोणती, तेही सांगतो. २००८ च्या त्या दौऱ्यात आयर्न मेडनने एक बोइंग ७५७ विमान घेतलं, मागच्या खुर्च्या काढल्या, बारा टन सामान भरलं आणि गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः ते उडवत देशोदेशी गेला. कारण साधं होतं: एरवी सामान हलवण्याच्या हिशेबात जे देश बसत नव्हते तिथे त्यांना पोहोचायचं होतं. ऐकणाऱ्यापर्यंत गाणं नेण्यासाठी खटपट करावी लागते, हे त्यांना कळलं होतं. आपल्या जिल्ह्यांना ते कधी कळणार? आमच्या विद्यापीठाच्या युवारंग या युवक महोत्सवात पाश्चात्त्य गायन आणि पाश्चात्त्य समूहगीत हे स्पर्धेचे प्रकार आहेत. मुलं त्यासाठी कुणाच्या तरी गोडाउनमध्ये, ड्रमवर गोधड्या टाकून तालीम करतात, कारण शेजारी पोलिसांना फोन करतात. स्पर्धा संपली की त्यांना उभं राहायला जागा नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही शहरांत मिळून एक तरी अशी जागा हवी, जिथे ड्रम आणि अ‍ॅम्प्लिफायर लावून रात्री दहाच्या आत दोनशे माणसांसमोर वाजवता येईल, आवाज बाहेर जाणार नाही आणि भाडं कॉलेजच्या पोराला परवडेल. बेंजोवाल्यांनाही तिथे वाजवू द्या. लग्नसराई संपली की पावसाळाभर तेही रिकामेच असतात. नगरपालिकांना व्यापारी गाळे बांधायला पैसे मिळतात, त्यातल्या एका इमारतीच्या तळघरात हे मावेल. ही मागणी घेऊन भाच्यासारखी चाळीस पोरं नगरसेवकाच्या दारात गेली, तर मी त्यांच्या पुढे चालेन.

त्या फेब्रुवारीत मी दुसऱ्या दिवशी रात्रीच्या गाडीने परतलो आणि पहाटे जळगाव स्टेशनावर उतरलो. आवाज बसलेला, कानात अजून शिट्टी. घरी मित्राच्या लग्नाला जातो असं सांगितलं होतं. बाहेर लुनाला टेकून आप्पा उभे होते. त्यांना कुणी सांगितलं, मला आजवर कळलेलं नाही. मी खाली मान घालून मागे बसलो. फाटकाजवळ गाडी थांबली, मालगाडी जात होती, आणि ते पुढे बघतच म्हणाले, “मी बी तमाशा देखाले सायकलवर जायेल शे. घर मा नही सांगेल.” मालगाडीचे डबे संपता संपेनात. मग त्यांनी मान वळवली आणि विचारलं, “काय काय वाजाडं त्यासनी?”

घर येईपर्यंत मी सांगत होतो.